दोन प्रणालींचा संगणक व तबकडीची तुकडेजोड

विंडोज १० या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारी नेहमींची विनामूल्य मदत ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली. तेव्हांपासून जुन्या संगणकांचें काय करावें, हा प्रश्न पुष्कळ घरांत व शाळांत उपस्थित झाला आहे. विंडोज ११ चालावयास जी यंत्रसामग्री लागते ती या संगणकांत बहुधा नसते. नवा संगणक घेणें प्रत्येक पालकास परवडतें असें नाहीं. यास्तव कित्येकांनीं जुन्या विंडोजच्या शेजारींच लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून घेतली आहे. एकच यंत्र, एकच तबकडी, आणि तिच्यावर बिऱ्हाडें मात्र दोन, अशी ही व्यवस्था होय. ती चांगली आहे, आणि नीट चालविली तर वर्षानुवर्षें चालते. परंतु यंत्र जुनें, तबकडी फिरणारी, त्यामुळें वेग मंद. मग कोणीतरी सल्ला देतो कीं, 'डीफ्रॅग करा, म्हणजे झटपट चालूं लागेल.' एका प्रणालीच्या संगणकावर हा सल्ला फारसा अपायकारक नाहीं. दोन प्रणालींच्या संगणकावर मात्र कोणता भाग आवरावयाचा, कोणीं आवरावयाचा, आणि त्या वेळीं दुसरी प्रणाली कोणत्या स्थितींत असावी, हे तीन प्रश्न आधीं सोडविले पाहिजेत. ते न सोडवितां हात घातला, तर मुलांचे निबंध, घरचे हिशेब आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें एका दुपारच्या कामांत नाहींशीं होऊं शकतात. म्हणून हा विषय आम्ही येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम तबकडीची रचना पाहूं. हार्ड डिस्कच्या पेटींत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या असतात. त्यांवर चुंबकीय लेप असतो. वाचणारें टोंक एका हातावर बसविलेलें असून तो हात तबकडीस स्पर्श न करितां तिच्या पृष्ठभागाच्या अगदीं जवळून आंतबाहेर फिरतो. ही कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं आणलेल्या 'रॅमॅक' यंत्रांत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्रासही तेवढी जागा पुष्कळदां पुरत नाहीं! तबकडीवर वर्तुळाकार मार्ग असतात, मार्गाचे लहान लहान भाग पाडलेले असतात, आणि प्रणाली त्यांतील कांहीं भाग एकत्र करून त्यास एक घर मानते. विंडोज व लिनक्स या दोहोंच्या चालू पद्धतींत असें एक घर बहुधा ४०९६ बाइटांचें असतें. देवनागरीचें एक चिन्ह सामान्यतः तीन बाइट घेतें, म्हणजे एका घरांत सुमारें १३६५ चिन्हें बसतात. वहीच्या एका पानाएवढा मजकूर झाला.

आतां फाइलीचे तुकडे कसे होतात तें पाहूं. समजा, कोऱ्या तबकडीवर आपण तीन निबंध लागोपाठ ठेविले व प्रत्येकानें दहा-दहा घरें व्यापिलीं. पुढें मधला निबंध पुसून टाकला. त्यानंतर पंधरा घरांचा चौथा निबंध आला, तर जुन्या पद्धतीप्रमाणें त्याचीं दहा घरें मधल्या मोकळ्या जागेंत व पांच घरें तिसऱ्या निबंधाच्या पलीकडे पडतील. निबंध पूर्ण आहे, त्याचें एक अक्षरही हरवलेलें नाहीं; परंतु तो वाचावयाचा तर हातास मध्येंच उचलून दुसरीकडे जावें लागेल. रोज शेंकडों फाइली येतात, वाढतात व पुसल्या जातात. वर्षभर असें चाललें कीं मोठ्या फाइलींचे शेंकडों, कधीं हजारों तुकडे होतात.

आमच्या शेतकरी पालकांस हें चित्र नवें नाहीं. बापाचें एक सलग शेत चार भावांत वांटलें जातें, त्यांच्या मुलांत पुन्हां वांटलें जातें, आणि शेवटीं एकाच खातेदाराचे पांच तुकडे गांवाच्या पांच दिशांस होतात. जमीन तेवढीच, पण औत एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेण्यांतच दिवसाचा मोठा भाग जातो. यावर उपाय म्हणून मुंबई सरकारनें १९४७ सालीं जो कायदा केला, तो लोकांत तुकडेबंदी व तुकडेजोड यांचा कायदा म्हणूनच ओळखला जातो. संगणकाच्या भाषेंतील 'डीफ्रॅगमेंटेशन' या बोजड शब्दाच्या जागीं 'तुकडेजोड' हा आपला घरचा शब्द इतका चपखल बसतो कीं, या लेखांत आम्ही तोच वापरणार आहों.

तुकड्यांनीं नुकसान किती होतें, हें अंकगणितानेंच पाहावें. मिनिटास ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदास १२० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती जागा टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ सहस्रांश सेकंद, थांबावें लागतें. त्यापूर्वीं हात एका मार्गावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. त्यास सरासरी ९ सहस्रांश धरूं. एकूण झाले १३. आतां १०० मेगाबाइटांची एक फाईल घ्या. तबकडी सेकंदास १०० मेगाबाइट वाचते असें धरिलें, तर सलग फाईल एका सेकंदांत वाचून होईल. तीच हजार तुकड्यांत विखुरली असेल तर हजार वेळां १३ सहस्रांश, म्हणजे आणखी १३ सेकंद! आणि तीच फाईल दोनच तुकड्यांत असेल तर जादा वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून थोडासा अधिक. तो कोणासही कळणार नाहीं. लॅपटॉपांतील तबकडी बहुधा ५४०० फेऱ्यांची असते; तिचा हिशेब वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा.

या हिशेबावरून दिसून येईल कीं, अपाय होतो तो फार बारीक तुकड्यांमुळें. विंडोजच्या कर्त्यांनीं हें ओळखून २००७ सालच्या व्हिस्टापासून ६४ मेगाबाइटांहून मोठ्या तुकड्यांकडे लक्ष देणेंच सोडून दिलें. तुकड्यांची टक्केवारी शून्यावर आणण्याचा हव्यास कित्येकांस असतो. त्यांत यंत्राची झीज व वेळेचा अपव्यय यांपलीकडे कांहीं हातीं लागत नाहीं असें आमचें मत आहे.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याही फिरत्या तबकडीस लागू आहे. आतां दोन बिऱ्हाडांकडे वळूं. एका तबकडीवर दोन प्रणाली ठेवावयाच्या तर तिचे आधीं विभाग पाडावे लागतात. हे विभाग म्हणजे एका माळावर वसलेलीं दोन गांवें, आणि प्रत्येक प्रणाली म्हणजे आपल्या गांवचा तलाठी, असें समजा. कोणती फाईल कोणत्या घरांत आहे याची नोंद त्याच्या दप्तरांत असते. विंडोजच्या दप्तराची पद्धत 'एन.टी.एफ.एस.' या नांवाची असून ती १९९३ सालीं विंडोज एन.टी.बरोबर आली. लिनक्सची प्रचलित पद्धत 'ई.एक्स.टी. ४' ही २००८ सालची आहे. दोहोंच्या वह्या निराळ्या, रकाने निराळे, लिपीही निराळी म्हणाना. लिनक्सला विंडोजचें दप्तर वाचतां येतें व त्यांत नोंदही करितां येते. परंतु तेथील तुकडेजोड करण्याचें विश्वासू साधन त्याच्यापाशीं नाहीं. विंडोजला तर लिनक्सचें दप्तर आपण होऊन वाचतांच येत नाहीं. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर सरळ आहे: ज्याचें गांव त्यानेंच त्याची तुकडेजोड करावी. विंडोजच्या विभागाची विंडोजनें, लिनक्सच्या विभागाची लिनक्सनें. आणि कोणतीही एक प्रणाली आपल्या विभागांत तुकडेजोड करूं लागली तर ती शीव ओलांडून दुसऱ्याच्या विभागास हात लावीत नाहीं; त्याविषयीं भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

भीति निराळ्याच ठिकाणीं आहे. विंडोजमध्यें तबकडीचे विभाग दाखविणारें 'डिस्क मॅनेजमेंट' नांवाचें पान आहे. त्यावर लिनक्सचा विभाग दिसतो खरा, परंतु त्याच्यापुढें दप्तराच्या पद्धतीचें नांवच नसतें. ज्यास पूर्वपीठिका ठाऊक नाहीं त्यास ती जागा ओसाड वाटते. तुकडेजोड करण्यास जागा कमी पडते म्हणून 'ही रिकामी जागा घेऊं' असें म्हणून तो ती पुसतो, आणि एका क्षणांत दुसरें अख्खें बिऱ्हाड उठतें. इतकेंच नव्हे, तर यंत्र सुरू होतांना 'कोणती प्रणाली हवी?' असें विचारणारा 'ग्रब' नांवाचा जो द्वारपाल असतो, त्याचें सामानही बहुधा लिनक्सच्याच विभागांत असतें. त्यामुळें जुन्या यंत्रांवर त्याच क्षणीं विंडोजचेंही दार बंद होतें. यावर उपाय अगदीं साधा आहे. दोन प्रणाली बसविल्या त्याच दिवशीं एका कागदावर विभागांची यादी लिहावी, प्रत्येकाचा आकार व मालक लिहावा, आणि तो कागद यंत्राच्या पेटीस चिकटवून ठेवावा. घरांत दुसरें कोणी यंत्र उघडील त्यास आपली आठवण उपयोगी पडत नाहीं, कागद पडतो.

आतां तिसरा प्रश्न, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून त्या प्रणालींत 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आहे व ती बहुधा आपोआप चालू असते. आपण 'शट डाउन' दाबतों तेव्हां यंत्र बंद झाल्यासारखें दिसतें. वास्तविक प्रणालीचा गाभा आपली स्मृति तबकडीवर जशीच्या तशी लिहून ठेवून निजतो, आणि पुढच्या वेळीं तीच स्मृति परत उचलून लवकर जागा होतो. 'हायबरनेट' या आज्ञेनेंही हेंच, किंबहुना अधिक पूर्णपणें, घडतें. या स्मृतींत दप्तराचाही कांहीं भाग असतो. कोणतें घर भरलेलें, कोणतें मोकळें, याचें ज्ञान निजणाऱ्या तलाठ्याच्या खिशांतील चिठ्ठीवर राहातें.

समजा, शुक्रवारीं मुलानें विंडोज अशा रीतीनें मिटलें. शनिवारीं वडिलांनीं लिनक्स सुरू करून विंडोजच्या विभागांत चार पत्रें ठेविलीं व जुनीं दोन पुसलीं. दप्तर बदललें, खिशांतील चिठ्ठी मात्र शुक्रवारचीच. सोमवारीं विंडोज जागें होतें तें चिठ्ठीवर विसंबून. शनिवारच्या पत्रांनीं व्यापिलेलीं घरें त्याच्या लेखीं मोकळीं असतात, आणि तें त्यांवर दुसरें कांहीं लिहितें. त्यांत भर म्हणून त्याच वेळीं ठरलेली तुकडेजोड सुरू झाली, तर नकाशाच चुकलेला असल्यामुळें एका जागेची चूक अनेक जागीं पसरते. हें लक्षांत घेऊनच लिनक्सचे कर्ते सावध राहिले आहेत: विंडोज निजलेलें आहे असें आढळलें तर लिनक्स त्या विभागांत लिहिण्याचें साफ नाकारतें, फार तर वाचूं देतें. तरुण मंडळी या नकारास अडथळा समजून तो मोडण्याच्या आज्ञा शोधून काढतात. अशा आज्ञा आहेत, आणि त्यांतील एक तर निजलेल्या प्रणालीची स्मृतीच पुसून टाकते. तिच्याबरोबर न जतन केलेलें कामही जातें. हा नकार म्हणजे दारावरच्या कुत्र्याचें भुंकणें आहे. कुत्र्यास मारण्यापूर्वीं तें कां भुंकतें तें पाहावें.

उपाय असा. विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स' मध्यें जाऊन 'फास्ट स्टार्टअप' कायमचें बंद करावें. तें होईपर्यंत, दुसऱ्या प्रणालींत जावयाचें असेल तेव्हां 'शट डाउन' ऐवजीं 'रीस्टार्ट' दाबावें. कारण रीस्टार्टमध्यें प्रणाली पूर्ण मिटून मगच पुन्हां उघडते. दोन्ही प्रणालींस हवा असलेला मजकूर ठेवण्यासाठीं पुष्कळजण तिसरा, सामाईक विभाग करितात. ती पद्धत उत्तम, परंतु हाच नियम तेथेंही पाळावा लागतो. तो विभाग एन.टी.एफ.एस. पद्धतीचा असेल तर त्याची तुकडेजोड विंडोजकडे सोंपवावी.

येथें इतिहासांतील दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. ग्रबच्या आधीं 'लिलो' नांवाचा द्वारपाल फार चालत असे. त्याचें काम २०१५ सालीं थांबलें. त्यास दप्तर वाचतां येत नसे. लिनक्सचा गाभा तबकडीच्या कोणकोणत्या घरांत आहे, त्या घरांचे नुसते आंकडे तो पाठ करून ठेवीत असे. ती फाईल कोणत्याही कारणानें दुसऱ्या घरांत गेली, कीं हा जुन्याच घरांवर जाऊन दार ठोठावणार! त्या काळीं फाईल हलविली कीं लिलोस नवीन पाठ द्यावा लागे, तो न दिल्यास यंत्र सुरूच होत नसे. दुसरी गोष्ट दोन विंडोजांची. २००७ नंतर कित्येकांनीं एक्स.पी. व व्हिस्टा एकाच तबकडीवर ठेविल्या. दोघींचें दप्तर एकाच पद्धतीचें, त्यामुळें एकीस दुसरीचें सर्व दिसे. तरीही एक्स.पी. सुरू केली कीं व्हिस्टानें संकटकाळासाठीं राखून ठेवलेल्या पूर्वस्थितीच्या प्रती नाहींशा होत, कारण त्या प्रतींची नवी नोंद एक्स.पी.ला कळत नसे. दप्तर वाचतां येणें आणि त्यांतील प्रत्येक नोंदीचा मान राखणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोन बिऱ्हाडांच्या तबकडीवर तुकडे अधिक होतात असें पुष्कळांस वाटतें, आणि तें खरेंही आहे; मात्र त्याचें कारण दुसरी प्रणाली पहिलीच्या जागेंत शिरते हें नसून, प्रत्येकीच्या वांट्यास आलेली जागा अरुंद असते, हें आहे. ५०० गीगाबाइटांच्या तबकडीवर १५० गीगाबाइटांचा मजकूर ऐसपैस राहातो. तोच २०० गीगाबाइटांच्या विभागांत कोंबला तर हालचालीस जागा थोडी उरते, आणि नवी फाईल सांपडेल त्या फटींत तुकड्यातुकड्यांनीं बसवावी लागते. तुकडेजोड करण्यासही मोकळें अंगण लागतें. विंडोजच्या जुन्या साधनास तें काम नीट होण्यासाठीं शेंकडा १५ जागा रिकामी लागत असे. म्हणजे १०० गीगाबाइटांच्या विभागांत १५. तेवढी नसेल तर तुकडेजोडीच्या नादीं न लागतां आधीं नको असलेल्या फाइली काढाव्यात. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. शिवाय, महिनाभर लिनक्स वापरून एके दिवशीं विंडोज उघडलें, तर तुंबलेलीं सर्व कामें, जसें नवीन दुरुस्त्या उतरविणें, विषाणूंची तपासणी करणें व आठवड्याची राहिलेली तुकडेजोड, तें एकदम सुरू करितें. त्या दिवशींचा मंदपणा तुकड्यांचा नव्हे, थकलेल्या कामांचा असतो. तासभर त्यास स्वस्थ काम करूं द्यावें.

तुकडेजोड खरोखर आवश्यक वाटते असा प्रसंग एकच: पूर्वींच विंडोज असलेल्या तबकडीवर लिनक्ससाठीं जागा काढावयाची तेव्हां. विंडोजचा विभाग शेवटाकडून आंखडावा लागतो, आणि शेवटाकडे एखादी फाईल ठाण मांडून बसली असेल तर त्यापुढें आंखडतां येत नाहीं. २०० गीगाबाइट जागा रिकामी असूनही 'फक्त २० काढतां येतील' असें उत्तर मिळालें म्हणून गोंधळलेले लोक पुष्कळ भेटतात. हालूं न शकणाऱ्या या फाइली म्हणजे मुख्यतः निजण्याची स्मृति ठेवण्याची फाईल, यंत्राच्या स्मृतीस पूरक अशी 'पेजिंग' फाईल, आणि पूर्वस्थितीच्या प्रती. कितीही वेळां तुकडेजोड केली तरी चालू प्रणाली त्यांस हलवीत नाहीं. यासाठीं त्या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद कराव्या, यंत्र पुन्हां सुरू करावें, नंतर विभाग आंखडावा, आणि काम झाल्यावर पेजिंग व पूर्वस्थितीच्या प्रती पुन्हां चालू कराव्या. आंखडण्याचें काम विंडोजच्याच साधनानें करावें. लिनक्सच्या साधनांनींही तें होतें, तीं वाटेंतल्या फाइली स्वतः बाजूस करितात. पण आपल्या घरचें सामान घरच्या माणसानें हलविलेलें बरें, असा आमचा आग्रह आहे.

विभाग पाडण्याचा त्रास चुकविण्यासाठीं २००८ सालीं उबंटु या लिनक्सच्या मंडळींनीं 'वुबी' नांवाची युक्ति काढली होती. तींत लिनक्सचें सारें गांव विंडोजच्या विभागांतील एका प्रचंड फाइलींत वसविलेलें असे. फाईल तुकड्यातुकड्यांत पडली कीं आंतील गांवाचे रस्ते आपोआप तुटत. आंत कितीही नीटनेटकेपणा ठेविला तरी उपयोग नसे. २०१३ सालीं ती युक्ति सोडून देण्यांत आली.

लिनक्सच्या स्वतःच्या विभागास तुकडेजोड क्वचितच लागते. यामागें चाळीस वर्षांपूर्वींचें एक संशोधन आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें मॅक्‌क्युझिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री या चौघांनीं युनिक्स प्रणालीच्या जुन्या दप्तराची परीक्षा केली. कोरी असतांना सेकंदास १७५ किलोबाइट देणारी तबकडी, कांहीं आठवड्यांच्या साध्या वापरानें फाइली विखुरल्यामुळें, ३० किलोबाइटांवर येते असें त्यांस आढळलें. त्यांनीं तबकडीचे वाडे पाडले, एका फाइलीचीं घरें शक्य तों एकाच वाड्यांत ठेवण्याचा नियम केला, आणि कांहीं जागा नेहमीं मोकळी राखण्याचें ठरविलें. त्यांचा लेख १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. लिनक्सनें हेच नियम उचलले. ई.एक्स.टी. ४ पद्धतींत आणखी एक सुधारणा आहे. फाईल लिहावयास सांगितल्याबरोबर ती घरें वांटून देत नाहीं. फाईल केवढी होणार याचा अंदाज येईपर्यंत थोडा वेळ थांबते व मग तेवढी सलग जागा शोधते. पंगतीस किती पानें होणार हें कळल्यावर पाट मांडावे, तसेंच हें. मात्र विभाग शेंकडा ९० हून अधिक भरला तर लिनक्सचीही मात्रा चालत नाहीं. त्या वेळीं 'ई-फोर-डीफ्रॅग' या आज्ञेनें पाहणी करितां येते, व गरज असेल तरच पुढचें काम करावें.

पालकांनीं लक्ष घालावें अशी एक गोष्ट राहिली. तुकडेजोड म्हणजे हजारों फाइली उचलून दुसरीकडे ठेवणें. तबकडीस सर्वांत जास्त राबविणारें हें काम आहे. तबकडी खटखट आवाज करीत असेल, फाइली उघडतांना मध्येंच अडत असेल, तर तिचा अंत जवळ आला आहे असें समजून तुकडेजोडीचें नांवही काढूं नये. अशा तबकडीस तेवढे श्रम शेवटचे ठरूं शकतात. प्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी. तबकडी धडधाकट असली तरी क्रम हाच: प्रत, मग दप्तराची तपासणी, मग तुकडेजोड. ज्या गांवीं वीज वरचेवर जाते तेथें हें काम लॅपटॉप विजेस जोडून व त्याची बॅटरी भरलेली असतांनाच हातीं घ्यावें. तुकडेजोडींत वीज गेली तर आजच्या पद्धती बहुधा सांवरून घेतात. विभाग सरकवितांना ती गेली तर मात्र अर्धें गांव जुन्या जागीं व अर्धें नव्या जागीं अशी दशा होते, आणि कोणतेंच दप्तर खरें राहात नाहीं.

हें सर्व विवेचन फिरत्या तबकडीविषयीं झालें. एस.एस.डी. या नव्या साधनांत तबकडी नाहीं, हात नाहीं, फेरेही नाहींत. त्यांतील स्मृतिकण तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांच्या १९८० नंतरच्या दशकांतील शोधावर आधारलेले आहेत. कोणत्याही घरास पोहोंचावयास जवळ जवळ सारखाच वेळ लागतो, आणि तोही सहस्रांश सेकंदाहून पुष्कळ कमी. त्यामुळें तुकडे जोडून मिळवावयाचें असें फारसें कांहीं उरत नाहीं. शिवाय प्रणालीस जीं घरें लागोपाठ दिसतात तीं आंत खरोखर लागोपाठ असतात असेंही नाहीं. आंतील नियंत्रक सर्व कणांची झीज सारखी व्हावी म्हणून मजकूर स्वतःच्या हिशेबानें पसरून ठेवितो. प्रत्येक कणावर किती वेळां लिहितां येईल यास मर्यादा असते, ती मात्र तुकडेजोडीनें व्यर्थ खर्चीं पडते. म्हणून २००९ सालच्या विंडोज ७ पासून अशा साधनाची ठरलेली तुकडेजोड बंद ठेवण्यांत आली. त्याऐवजीं कोणतीं घरें मोकळीं झालीं एवढी सूचना नियंत्रकास दिली जाते, आणि उबंटु लिनक्सही आठवड्यातून एकदां आपल्या विभागापुरती हीच सूचना देतें. दोघांच्या सूचना ज्याच्या त्याच्या विभागाविषयींच असल्यामुळें येथेंही तंटा नाहीं. आपल्या यंत्रांत काय बसविलेलें आहे तें ठाऊक नसेल, तर विंडोजमध्यें 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्‌ज' ही खिडकी उघडावी. तेथें प्रत्येक विभागापुढें त्याची जात लिहिलेली असते. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' असे शब्द असतील तर वरील सर्व सूचना लक्षांत घेऊन काम करावें. 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असे असतील, तर खिडकी मिटून यंत्र मुलांस अभ्यासासाठीं द्यावें.